७४ मेंढ्या मेल्या, मदत ५० ची मिळाली: गारपिटीनंतरच्या एका दाव्याचा अभ्यास

हे प्रकरण फिरत्या मेंढपाळ कुटुंबाचं आहे. ओळख पटू नये म्हणून गाव, तालुका आणि माणसांचे तपशील बदलले आहेत, आकडेही त्यानुसार बसवून घेतले आहेत. नियम, दर आणि कार्यालयातली वाट मात्र जशी आहे तशीच ठेवली आहे. सरकारी मदतीच्या अशा दाव्यांत बहुतेकांची धावपळ पंचनामा कधी होतो याभोवतीच चालते. पंचनामा हवाच, पण या प्रकरणात सगळ्यात मोठी रक्कम गेली ती शिधापत्रिकेमुळे, आणि हे लक्षात आलं तेव्हा काही करता येण्यासारखं उरलं नव्हतं.

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातले तीन भाऊ. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन उत्तरेकडे निघायचं, कांदा किंवा बाजरी निघालेल्या रानात खतासाठी मेंढ्या बसवायच्या आणि पावसाळ्याच्या तोंडावर गावी परतायचं, हा ठरलेला क्रम. वाडा, म्हणजे कळप आणि बिऱ्हाडाचा तळ, तिघांचा एकच. मोठ्या मेंढ्या सुमारे २४०, कोकरं वेगळी, सामान वाहायला चार तट्टं. राखण एकत्र असली तरी मालकी वेगळी होती आणि ती कानावरून कळायची: थोरल्याच्या मेंढ्यांचं डाव्या कानाचं टोक कापलेलं, मधल्याच्या उजव्या कानाला खाच, धाकट्याच्या दोन्ही कानांना खाच. मधल्याच्या काही मेंढ्यांना सरकारी योजनेतले १२ अंकी बिल्ले होते. बाकी कळपाला एकही बिल्ला नव्हता.

रविवार, २६ नोव्हेंबर २०२३. त्या संध्याकाळी नाशिक, नगर आणि पुणे पट्ट्यात अवेळी पाऊस आणि गारपीट झाली. वाडा पुणे-नगर सीमेवरच्या एका गावात, कांदा काढलेल्या उघड्या रानात होता. दहा-बारा दिवसांपूर्वीच लोकर कातरलेली. कातरलेल्या मेंढीला पावसाळी गारव्यात अंगावर काहीच आधार नसतो. कातडीपर्यंत भिजली, वर वारा लागला, की शरीराचं तापमान उतरत जातं. मेंढी आधी थरथरते, मग बसते, आणि एकदा बसली की सहसा उठत नाही. गारांच्या माऱ्याने कळप वाघरीच्या (मेंढ्या कोंडायच्या जाळीच्या) एका कोपऱ्यात दाटला, त्यात काही चेंगरल्या. पहाटेपर्यंत ५८ मोठ्या मेंढ्या, १९ कोकरं आणि एक तट्टू मेलं.

५८ पैकी थोरल्याच्या ३३, मधल्याच्या १७, धाकट्याच्या ८. तट्टू थोरल्याचं.

अडचण

सोमवारी गुरुनानक जयंतीची सुट्टी. म्हणजे लागून दोन दिवस कार्यालयं बंद, रानात ७७ लहान जनावरं मेलेली, शेजारी विहीर, आणि जमीनमालकाची घाई. गावचे तलाठी फोनवर म्हणाले, तुम्ही बाहेरचे, तुमच्या तालुक्यात अर्ज करा. गावाकडच्या तलाठ्यांना विचारलं तर उत्तर आलं, घटना आमच्या हद्दीत नाही. दोघांचंही बोलणं वरवर खरं वाटतं, म्हणूनच फिरतीवरची माणसं इथे अडकतात.

त्यात आणखी एक शंका निघाली. महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकावर ६५ मिलिमीटर पावसाची नोंद नव्हती, मग मदत कशी मिळणार? ही अट अतिवृष्टी ठरवण्यासाठी आहे. गारपीट केंद्राच्या आपत्तींच्या यादीत स्वतंत्रपणे आहे, अवेळी पाऊस आणि वीज पडणं राज्याने स्थानिक आपत्ती म्हणून धरलेलं आहे. तेव्हा पंचनाम्यात ‘पाऊस’ एवढंच लिहिणं आणि ‘गारपीट व अवेळी पाऊस’ असं लिहिणं, यात दाव्याच्या दृष्टीने फार अंतर पडतं.

नियम काय सांगतो

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीचे केंद्राचे निकष राज्याने २७ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने लागू केले. त्यातले जनावरांचे दर असे: गाय किंवा म्हैस ३७,५०० रुपये, मेंढी, शेळी किंवा डुक्कर ४,००० रुपये, बैल, घोडा किंवा उंट ३२,००० रुपये, वासरू, गाढव, तट्टू किंवा खेचर २०,००० रुपये. कोंबडीला १०० रुपये, एका कुटुंबाला जास्तीत जास्त १०,०००.

दरापेक्षा मर्यादा जास्त नीट वाचावी लागते. एका कुटुंबाला तीन मोठी दुधाळ किंवा तीस लहान दुधाळ किंवा ओढकामाची तीन मोठी किंवा सहा लहान जनावरं, एवढ्यांचीच मदत या निकषांत मिळत होती. मेलेली जनावरं कितीही असोत. मेंढी या हिशेबात लहान दुधाळ जनावर. म्हणजे तीसच्या वर मेलेल्या मेंढीचा पैसा नाही. मदत आर्थिकदृष्ट्या उत्पादक जनावरांसाठी आहे, त्यामुळे १९ कोकरं पहिल्याच छाननीत बाजूला निघाली. वासराचं नाव दरपत्रकात आहे, कोकराचं नाही. मेंढपाळाचं पुढच्या वर्षाचं उत्पन्न कोकरांतच असतं, तेव्हा निकषातली ही उणीव मोठी आहे असं आमचं मत.

आणि हे ४,००० म्हणजे भरपाई नव्हे. त्या हंगामात चांगल्या मोठ्या मेंढीला याच्या दुपटीहून जास्त भाव होता.

पहिला निर्णय: पुरायचं की थांबायचं

सोमवारी सकाळी तीन वाटा होत्या. लगेच पुरणं, म्हणजे दुर्गंधी आणि कुत्र्यांचा त्रास संपतो, पण पुरावाही संपतो. मंगळवारपर्यंत सगळं तसंच ठेवणं, म्हणजे शवं फुगतात, शवविच्छेदनातून काही कळत नाही, शेजारच्या विहिरीलाही धोका. तिसरी वाट म्हणजे पशुवैद्यक आधी आणायचा, शवं तपासून घ्यायची, नोंद करून पुरायचं आणि महसूलचा पंचनामा त्या नोंदीवर करून घ्यायचा.

तिसरी वाट धरली. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक सुट्टीतही चालू असतो, तिथे घटना नोंदवली. १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावरही कळवलं. नियंत्रण कक्षातून तालुक्याला निरोप गेला तसे तलाठीही नरमले. दुपारी पशुधन विकास अधिकारी, म्हणजे सरकारी पशुवैद्यक, आले.

ते येण्याआधी भावांनी केलेलं एक काम पुढे फार उपयोगी पडलं. मेलेल्या मेंढ्या कानाच्या खुणेप्रमाणे तीन ओळींत मांडल्या, डोकी एका बाजूला. प्रत्येक ओळीच्या तोंडाशी पुठ्ठ्यावर मालकाचं नाव, तारीख आणि आकडा. मग ओळ एका फोटोत, आणि दर पाचव्या मेंढीचा कान जवळून, खूण दिसेल असा. मोबाईलमध्ये जागेची नोंद चालू ठेवलेली, त्यामुळे फोटोवर ठिकाण आणि वेळ आपोआप आली. बिल्ले असलेल्या मेंढ्यांचे क्रमांक वहीत उतरवले. पंच म्हणून जमीनमालक आणि गावचे पोलीस पाटील. फिरत्या माणसाच्या प्रकरणात स्थानिक पंच नसेल, तर ‘हा वाडा त्या रात्री इथेच होता’ हे दुसऱ्या कशाने सिद्ध करणं कठीण जातं.

डॉक्टरांनी सहा मेंढ्यांचं शवविच्छेदन केलं आणि बाकीच्यांची बाह्य तपासणी. त्यांना दोन गोष्टी वगळायच्या होत्या, आंत्रविषार (आतड्यांत विष तयार होण्याचा रोग) आणि आधीपासूनचा न्यूमोनिया. कारण रोगाने मेलेलं जनावर या मदतीत बसत नाही. फुप्फुसं स्वच्छ होती, आतड्यांत विषाराची लक्षणं नव्हती, कोठी चाऱ्याने भरलेली होती, म्हणजे संध्याकाळपर्यंत मेंढ्या नीट चरत होत्या. दाखल्याच्या पहिल्या मसुद्यात ‘थंडीने गारठून मृत्यू’ असं होतं. जमीनमालकाने गारांनी फाटलेली कांद्याची पात आणि बांधावर अजून न विरघळलेला गारांचा ढीग दाखवला, मग वाक्य झालं: ‘गारपीट व अवेळी पावसात भिजल्याने शरीराचे तापमान घटून मृत्यू.’ कार्यालयात पुढे कारणाबद्दल एकदाही विचारणा झाली नाही, ती या वाक्यामुळे.

पुरण्यासाठी जेसीबीने विहिरीपासून लांब, रानाच्या चढाच्या बाजूला सहा फुटांहून खोल खड्डा घेतला. तळाशी आणि प्रत्येक थरावर चुना, वर किमान तीन फूट माती. खड्ड्याचाही फोटो घेतला. मंगळवारी तलाठी, ग्रामसेवक आणि पशुधन पर्यवेक्षक यांनी दाखला, फोटो आणि पंचांच्या जबाबावरून पंचनामा पूर्ण केला.

हद्दीचा प्रश्न

याचं उत्तर सोपं आहे, फक्त ते कोणीतरी ठामपणे सांगावं लागतं. पंचनामा जिथे घटना घडली तिथला तलाठी करतो आणि प्रस्तावही त्याच तहसीलमधून जातो. गावाकडून लागते ती शिधापत्रिकेची प्रत, रहिवासी दाखला, आधार, पासबुक आणि ‘याच जनावरांसाठी दुसरीकडे मदत घेतलेली नाही’ असं हमीपत्र. शेवटचं कागदपत्र मागितलं नव्हतं तरी स्वतःहून जोडलं, ते चांगलं झालं. दोन तालुक्यांचा संबंध आला की दुबार मदतीची शंका हमखास निघते.

दुसरा निर्णय: नंतर मेलेल्या मेंढ्या

भिजलेल्या कळपात मरतूक एका रात्रीत थांबत नाही. बुधवारपर्यंत आणखी ११ गेल्या (थोरल्याच्या ६, मधल्याच्या ३, धाकट्याच्या २), शनिवारपर्यंत आणखी ५ (२, २ आणि १). एकूण ७४.

पहिला पंचनामा तोवर झाला होता. या मेंढ्या न्यूमोनियाने मेल्या आणि न्यूमोनिया हा रोग. बुधवारी डॉक्टरांना पुन्हा बोलावलं. त्यांनी दोन शवं उघडली, फुप्फुसांतली सूज ताजी असल्याचं नोंदवलं आणि ‘दि. २६ रोजीच्या गारपिटीत भिजल्यानंतर उद्भवलेला न्यूमोनिया’ असं कारण लिहिलं. त्यावर ११ मेंढ्यांचा पुरवणी पंचनामा झाला. शनिवारच्या पाच मेंढ्यांसाठी कोणालाच बोलावलं नाही. वाडा तोवर पुढच्या गावी हलला होता. त्या पाच हिशेबातून गेल्या.

या पुरवणी पंचनाम्यासाठी कुटुंबाने तहसीलला पुढचे दोन महिने हेलपाटे घातले. कागदावर पाहिलं तर थोरला तीसच्या वर आधीच गेलेला, त्याच्या वाढीव मेंढ्यांना पैसा नव्हताच. हे सगळे हेलपाटे प्रत्यक्षात मधल्या भावाच्या तीन मेंढ्यांसाठी, म्हणजे १२,००० रुपयांसाठी होते. त्याच काळात याच्या जवळजवळ चौपट रक्कम दुसऱ्या टेबलावर निसटत होती.

तिसरा निर्णय: कुटुंब कोणतं

तहसील कार्यालयाने कुटुंब ठरवताना शिधापत्रिका आधार धरली. मधल्याची शिधापत्रिका स्वतंत्र होती. धाकट्याचं लग्न होऊन चार वर्षं झालेली, चूल वेगळी, मेंढ्या वेगळ्या, पण नाव थोरल्याच्याच शिधापत्रिकेवर. म्हणजे कागदावर थोरला आणि धाकटा एक कुटुंब. थोरल्याच्या ३३ मेंढ्यांनी तीसची मर्यादा भरली, आणि धाकट्याच्या पहिल्या रात्रीच्या ८ आणि नंतरच्या ३, अशा ११ मेंढ्यांची किंमत शून्य झाली.

तीन पर्याय पुढे आले.

एक, धाकट्याने आता शिधापत्रिका विभक्त करून घ्यायची. अर्ज केला तर कार्ड मिळालं असतं, पण त्यावर घटनेनंतरची तारीख आली असती. लिपिकाने ते चालणार नाही असं आधीच सांगितलं, आणि त्यात त्याचं चुकलं असं म्हणता येत नाही.

दोन, मधल्याच्या खात्यात जागा होती. त्याच्या २२ मेल्या होत्या, तीसपर्यंत आठची फट होती. धाकट्याच्या आठ मेंढ्या मधल्याच्या नावावर दाखवा, ३२,००० रुपये घरातच राहतील, असा सल्ला गावातल्या एका जाणत्याने दिला. मधला नाही म्हणाला. पंचनाम्यात आकडे कानाच्या खुणेवरून मालकाप्रमाणे लिहिले होते, फोटोत तीन ओळी स्पष्ट होत्या. सरकारी कागदात खोटी मालकी लिहिली असती आणि तपासणीत सापडली असती, तर ३२,००० सोबत बाकीचा दावाही गेला असता, वर गुन्ह्याची भीती. त्याचा निर्णय प्रामाणिक होताच, शिवाय हिशेबानेही योग्य होता.

तीन, स्वतंत्र कुटुंबाचे दुसरे पुरावे देऊन तहसीलदारांकडे लेखी म्हणणं मांडायचं: वेगळा रहिवासी दाखला, वेगळी गॅसजोडणी, मेंढ्यांच्या कर्जाचं वेगळं खातं. हा पर्याय वापरलाच गेला नाही. धाकट्याकडे गॅसजोडणी आणि बँकेचं कर्ज दोन्ही स्वतःच्या नावावर होतं. ते मान्य झालं असतं असं नाही, पण अर्ज दिला असता तर नाकारण्याचं कारण लेखी मिळालं असतं आणि उपविभागीय अधिकाऱ्यांकडे दाद मागता आली असती. तोंडी ‘होत नाही’ ऐकून परत फिरलेल्या माणसाच्या हातात पुढे नेण्यासारखा कागदच राहत नाही.

तट्टाचा प्रश्न

पंचनाम्यात आधी ‘घोडा’ लिहिलं होतं. डॉक्टरांनी उंची आणि वय बघून ‘तट्टू’ केलं, म्हणजे दर ३२,००० वरून २०,००० वर आला. तेही मिळालं नाही. मर्यादेच्या वाक्यात ‘किंवा’ आहे. कार्यालयाने त्याचा अर्थ असा लावला की ज्या कुटुंबाने तीस लहान दुधाळ जनावरांची मदत घेतली, त्याला ओढकामाच्या जनावराची मिळणार नाही. दुसरा अर्थही लागतो: प्रत्येक प्रकाराची मर्यादा वेगळी आणि दोन्ही प्रकारांचं नुकसान झालं तर दोन्हींची मदत. आमच्या मते दुसरा अर्थ मदतीच्या हेतूला धरून आहे. पण कोणी तो लेखी मागितला नाही, आणि कार्यालयानेही वरून मार्गदर्शन मागवलं नाही.

हाती काय आलं

मार्चच्या मध्यात लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली. आपत्तीची मदत आचारसंहितेने थांबत नाही, पण ती वाटणारी माणसं निवडणुकीच्या कामाला जातात. मार्चअखेर मधल्याच्या खात्यात पहिल्या १७ मेंढ्यांचे ६८,००० जमा झाले. थोरल्याचे १,२०,००० परत गेले. त्याच्या पासबुकावर बँकेच्या विलीनीकरणाआधीचा आयएफएससी होता आणि यादीत तोच चढला होता. दुरुस्तीचा अर्ज, रद्द केलेला धनादेश, पुन्हा यादी, असं करत रक्कम मे महिन्यात आली. पुरवणी पंचनाम्यातले १२,००० जुलैत.

एकूण २,००,००० रुपये, ५० मेंढ्यांचे. धाकट्याची शिधापत्रिका वेगळी असती आणि शनिवारच्या मेंढ्यांची नोंद झाली असती, तर ३०, २२ आणि ११ अशा ६३ मेंढ्यांचे २,५२,००० झाले असते. तट्टू त्याहून वेगळं. मिळालेल्या पैशातून थोरल्याने धाकट्याला वाटा दिला. तो घरचा व्यवहार, पण धाकट्याच्या कर्जाचा हप्ता त्यामुळेच निघाला.

कुठे वेगळं करता आलं असतं

फिरतीवर निघण्याआधी चूल वेगळी असलेल्या प्रत्येकाची शिधापत्रिका वेगळी हवी. हे काम गावी असतानाच होतं, रानातून होत नाही. पासबुकही त्याच वेळी बँकेतून नवं छापून घ्यावं.

कातरणीची वेळ हा मरतुकीचा मुद्दा आहे, दाव्याचा नाही, पण तोही सांगायला हवा. हवामान विभागाचा गारपिटीचा इशारा असेल त्या आठवड्यात कातरणी पुढे ढकलणं आणि वाडा उघड्या माळाऐवजी झाडोऱ्याच्या किंवा भिंतीच्या आडोशाला लावणं, एवढ्याने या कळपातल्या बऱ्याच मेंढ्या वाचल्या असत्या.

मरतूक सुरू असेपर्यंत वाडा हलवू नये, आणि हलवावाच लागला तर निघताना डॉक्टरांना आणि तलाठ्याला पुढचं गाव कळवून ठेवावं. पुरवणी पंचनामा मागताना आधी पाटी-पेन्सिल घेऊन हिशेब करावा, कोणाच्या मर्यादेत किती जागा उरली आहे. जिथे जागा नाही तिथे नोंद पुरेशी, हेलपाटे नकोत.

मर्यादा कायमच्या नसतात, हेही ध्यानात ठेवावं. सप्टेंबर २०२५ च्या पुरानंतर राज्याने ऑक्टोबरमध्ये मदत जाहीर करताना तीन जनावरांची अट काढत असल्याचं सांगितलं. म्हणून आपल्या घटनेला लागू असलेला शासन निर्णय तहसीलमध्ये तारखेनिशी मागून वाचावा, मागच्या वर्षीच्या ऐकीव आकड्यावर दावा मांडू नये.

आज हेच प्रकरण घडलं तर कानाची खूण पुरणार नाही. २०२४ पासून राज्यात जनावराच्या कानात १२ अंकी बिल्ला आणि भारत पशुधन या जनावरांच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर नोंद नसेल तर नैसर्गिक आपत्ती, वीज किंवा वन्य प्राण्याच्या हल्ल्यात झालेल्या मृत्यूची मदत देय नाही. फिरत्या कळपाला हे जड जातं. बिल्ला काटेरी झुडपात अडकून कान फाटतो, बिल्ला गळतो, आणि पुन्हा लावायला पशुवैद्यकीय दवाखाना वाटेवर असतोच असं नाही. तरी मार्ग आहे. नोंद मालकाच्या नावाने होते, तेव्हा तिघांचे बिल्ले तीन नावांवर घ्यावेत, सगळा कळप थोरल्याच्या नावावर चढवू नये. कोकरं मोठ्या मेंढ्यांत मिसळण्याच्या सुमारास त्यांना बिल्ले मारून घ्यावेत. क्रमांकांची यादी वहीत आणि मोबाईलवर अशी दोन ठिकाणी ठेवावी. गळलेल्या बिल्ल्याची नोंद जवळच्या दवाखान्यात त्याच आठवड्यात बदलून घ्यावी, कारण पंचनाम्याच्या दिवशी मेलेल्या मेंढीच्या कानात फक्त भोक दिसलं तर ती कोणाची हे प्रणाली सांगू शकत नाही.